ज्या पाण्याचा जीव

पद्माक्काच्या विहिरीत जीव होते, आणि त्या जिवांची राखणदार आपण आहोत असं पद्माक्का धरून चालायची.

रोज उजाडताना ती न्हाऊन, ओलं नेसून विहिरीवर जायची. पोहरा सोडायचा, पाणी वर ओढायचं, घागरीच्या तोंडावर दुहेरी सुती फडकं अंथरायचं आणि धार लहान ठेवून गाळायचं. फडक्यात उरायचं ते कधी केसाएवढी अळी, तर कधी नुसताच डोळ्याला न दिसणारा, पण आहे असं मानायचा जीव. ते गाळलेल्या पाण्यानं धुऊन दुसऱ्या एका लहान पोहऱ्यात घ्यायचं. त्या पोहऱ्याच्या बुडाला कडी आणि कडीला वेगळी दोरी. पोहरा खाली पाण्याला टेकला की कडीची दोरी ओढायची, म्हणजे तो अलगद पालथा होतो आणि आतले जीव वरनं न आदळता पाण्यात मिसळतात. ह्याला जिवाणी म्हणतात. ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात परत गेला पाहिजे, दुसऱ्या विहिरीत सोडला तर तो मारल्यागतच, असं तिच्या सासऱ्यांनी तिला लग्नानंतर पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. ती सीमेपलीकडून, निम्मं कानडी बोलत आलेली पोर. तिला मराठी धड येत नव्हतं, पण पोहरा पालथा करणं एका सकाळीत आलं.

सासरे गेले, मग नवरा गेला. नवऱ्याच्या मागं पद्माक्कानं व्रत घेतलं: गाळलेलं पाणी प्यायचं, आणि तेही ह्याच विहिरीचं. घरात नळ आला, बोअर मारलं, पुढं पोरानं थंड पाण्याचे जार लावले. पद्माक्काची घागर काही बदलली नाही. सांगलीला लग्नकार्याला गेली तरी तांब्या बरोबर.

एवढी सांभाळून वागणारी बाई. पण तिला पायी चालायला आवडायचं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

बस्ती, म्हणजे आमच्याकडं जैन मंदिराला म्हणतात ती, घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तरी सकाळी जिनेशला, म्हणजे पोराला, हाक असायची, "काढ रं गाडी, दर्शनाला सोड." देवळाच्या दारात स्कूटर थांबायची, आणि आत गेली की पद्माक्का पायाखाली मुंगी बघून पाऊल टाकायची. सून ब्राह्मी एकदा हसून म्हणाली होती, "आत्या, मुंग्या देवळातच राहत्यात व्हय? रस्त्यावरच्या स्कूटरखाली गेल्या त्या कुणाच्या खात्यावर?"

"चाकाखाली मेल्या त्या चाकाच्या," पद्माक्का म्हणाली. "म्या कुठं पाय दिला?"

ट्रॅक्टर आला तो तिच्याच हट्टानं. पोराला म्हणाली, बैलाला चाबूक मारण्यापरीस हे बरं, ह्याला लागत न्हाई. नव्या ट्रॅक्टरला तिनंच हळदीकुंकू लावलं, तिनंच नारळ वाढवला. मागनं पिकअप आली, फवाऱ्याचं इंजिन आलं, आणि तिच्या हिशेबात प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या मुक्या जिवाला सोडवलं होतं. डिझेल कुठनं येतं, जळतं तेव्हा कुठं जातं, ह्याचा विचार तिनं केला नव्हता. आपण तरी कुठं करतो?

कोरोनात पद्माक्का वाचली, पण नाकाचा वास गेला तो परत आला नाही. सगळं सारखंच, उदबत्ती काय नि शेणकूट काय. भाजी करपली की ब्राह्मी सांगायची तेव्हा कळायचं. पद्माक्का म्हणायची, बरंच झालं, एक इंद्रिय आपणहून आवरलं.

ऐन ऊस तोडणीत बातमी आली की टँकरवाल्यांनी संप केला, आता डिझेल मिळणार नाही. सांगलीत पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरले. कुणी म्हणालं दोन दिवस, कुणी म्हणालं महिना. पद्माक्काचा जीव थाऱ्यावर राहिना. तोडलेला ऊस फडात पडलेला, ट्रॅक्टर दारात उभा, आणि टाकीत तळाला काय असेल ते.

"अजून बसलाईस काय?" ती जिनेशला म्हणाली. "समदं गाव भरून आणालंय. उद्या टिपूस मिळायचं न्हाई. ऊस वाळंल तवा काय करशील, डोक्यावर न्हेशील?"

"आई, चार दिवसांत मिटतंय हे."

"आणि न्हाई मिटलं तर?"

जिनेश पिकअपमध्ये एक जुना पत्र्याचा बॅरल टाकून निघाला. सांगलीत मिळेना, कराडात मिळेना, तो पार उंब्रजला हायवेवरच्या पंपापर्यंत गेला. ट्रॅक्टर चालवणारा गुंडा बरोबर होता. परत आल्यावर गुंडा म्हणाला, "आक्का, डिझेल आणाय निम्मं डिझेल जाळून आलो बघा आमी." सगळे हसले. पद्माक्काही हसली. बॅरल बघितल्यावर तिच्या जिवात जीव आला होता.

ठेवायचा कुठं? जिनेश म्हणाला, परड्यातल्या खोलीत. पद्माक्कानं हात आडवा केला.

"घरात नगं. माझा चौका हाय हितं. सोवळ्यात ही घाण चालायची न्हाई."

महाराजांचा, म्हणजे जैन मुनींचा, आहार जिथं रांधतात त्या शुद्ध स्वयंपाकघराला चौका म्हणतात. पद्माक्काचा चौका आजूबाजूच्या गावात नावाजलेला. तिथं बिनगाळल्या पाण्याचा हातसुद्धा लागू द्यायची नाही ती. मग बॅरल कुठं जाणार?

"हिरीवरच्या इंजिनखोलीत ठेवा. सावली हाय, कुलूप हाय."

विहिरीच्या अगदी काठावर एक बुटकी खोली होती. सासऱ्यांच्या काळात तिथं ऑइल इंजिन होतं, त्यानं मळा भिजायचा. इंजिन भंगारात गेलं, खोली राहिली. फरशीत एक भोक होतं, इंजिनाचा पाइप ज्यातनं खाली पाण्यात जायचा. पद्माक्कानं हे भोक शंभरदा बघितलं होतं. त्या दिवशी तिच्या ते ध्यानात आलं नाही. चौका शुद्ध ठेवायच्या नादात ती बॅरलला "हितं, जरा आत, भिंतीला लावा" असं स्वतःच्या हातानं दाखवत होती.

संप लगेच मिटला. पंप सुरू झाले. बॅरल खोलीत राहिला आणि खोलीचं कुलूप गंजत राहिलं.

चैत्रात महाराज आले. वयोवृद्ध दिगंबर मुनी, सत्तरीच्या पुढचे, कर्नाटकातनं विहार करत पायी पायी. आयुष्यात दीक्षेनंतर चाकावर बसलेले नाहीत. दिवसातनं एकदा उभ्यानं ओंजळीत आहार आणि त्याच वेळी काय ते पाणी, मग दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही. गाव हरखलं. घरोघर चौके लागले, आणि चौक्याला लागतं विहिरीचं पाणी. गावात पाण्यानं नांदती अशी विहीर आता दोनच घरांची होती, पद्माक्काची, आणि पार दुसऱ्या टोकाला सयाजी सुभेदारांची. म्हणून पहाटे सगळ्या बायका पद्माक्काच्या विहिरीवर. तिला ते आवडायचं. काठावर उभं राहून ती गाळणं नीट धरलंय का बघायची, चुकलं तर टोकायची.

पहिल्या दिवशी एका घरी महाराजांच्या पहिल्याच ओंजळीत केस निघाला. अंतराय, म्हणजे आहारात विघ्न. ओंजळ सोडून ते परत फिरले. म्हणजे त्या दिवशी अन्न नाही नि पाणीही नाही. वर चैत्राचं ऊन असं की पाखरं उडायची थांबली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचा जीव टांगणीला. आज त्यांच्या पोटात पाणी गेलंच पाहिजे.

त्या सकाळी पद्माक्का चौक्यात एकटी होती. पाणी गाळून, तापवून, पातेलं निवायला खिडकीशी ठेवलेलं. ऊन वर आलं, त्याची तिरीप पातेल्यावर पडली, आणि पाण्यावर रंग हलले.

मोराच्या पिसासारखे, निळे, जांभळे, पिवळसर. तिला आधी वाटलं, पितळेची झाक असंल. तिनं पातेलं जरा फिरवलं. रंग फिरले, लांब झाले, तुटले, परत एक झाले. असले रंग तिनं बघितले होते. पावसाळ्यात ट्रॅक्टर जिथं उभा असतो, तिथल्या डबक्यावर.

तिनं पातेल्यावर तोंड नेलं आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. नाक म्हणजे भिंतीतला खिळा. परत घेतला. काही नाही.

"ब्राह्मी! अगं ब्राह्मी, सोवळ्यात हाईस न्हवं? हिकडं ये. वास घे."

ब्राह्मी वाकली आणि तशीच मागं सरली.

"सांग की."

"आत्या, डिझेलचा येतोय."

"पातेल्याला आसंल."

ब्राह्मीनं घागरीचा घेतला, तांब्याचा घेतला. मग सासूकडं बघून मान हलवली. "काल बी येत हुता. मला वाटलं, ट्रॅक्टर हिरीपाशी हुबा असतोय, त्येचा."

"काल? मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या हिरीला कोण नाव ठेवणार, आत्या?"

पद्माक्का धावली. ह्या वयात ती धावलेली कुणी बघितली नव्हती. इंजिनखोलीचं कुलूप निघेना, गुंडानं दगड घातला. आत बॅरल जागेवरच होता, पण हात लावला तर हलका. भिंतीकडचा, बुडाच्या जरा वरचा पत्रा ओलीनं गंजून जाळी झाला होता. तिथनं भोकापर्यंत फरशीवर एक काळी ओली वाट गेलेली, अशी सरळ, कुणी पाण्याचा रस्ता दाखवून दिल्यासारखी.

काठावरनं तिनं खाली बघितलं. विहिरीत आभाळ दिसायचं तिथं रंगांची कातडी पसरली होती. रोज काठाच्या दगडाला चिकटलेली बेडकं असायची, ती नव्हती. पाण्यावर पळणारे कोळी नव्हते. ती किती तरी वेळ बघत राहिली, काही हललं नाही. आणि मग तिला आठवलं की गेले काही दिवस आपल्या पोटात जळजळतंय. उन्हाळा म्हणून आपण सब्जा घालून पाणी पितोय. ह्याच विहिरीचं. आणि रोज सकाळी जिवाणी, रोज पोहरा हळूच पालथा, आदळू नयेत म्हणून हळूच, आणि खाली हे.

जिनेश मागं येऊन उभा राहिला. त्याचाही चेहरा उतरलेला.

"आई, कुणाला बोलू नगंस. आपण आज दारात हुबंच ऱ्हायाचं न्हाई. चौका बंद. तुला बरं न्हाई म्हणून सांगतो."

"आणि बाकीची घरं?"

"त्येनी गाळून तापवून घेतलंय. थोडं फार उडून जातंय तापवल्यावर."

"उडून जातंय?" पद्माक्काचा आवाज फाटला. "आरं, कालपासनं पोटात पाणी न्हाई त्या जिवाच्या. पहिली ओंजळ ह्येची जाणार! कुठल्याबी दारात हुबा ऱ्हायला तरी माझ्याच हिरीचं पिणार."

"आणि सांगितलंस तर? आज बी उपाशी जातील. काय झालं त्येंना तर गाव आपल्याला जित्तं सोडंल व्हय? म्हणतील, जिनेशच्या आईनं महाराजांना मारलं."

पद्माक्का उत्तर देणार, तोच बस्तीची घंटा झाली. महाराज आहाराला निघाले होते. आता घरोघर पळत जाऊन सांगायला वेळ नव्हता. आणि मुनी गल्लीत असताना पुढं आडवं कोण धावणार? गल्लीतलं पहिलं दार पद्माक्काचंच होतं. सांगायचं तर तिथंच, सगळ्यांदेखत, नाहीतर नाहीच.

ती दारात येऊन उभी राहिली. हातात कलश, त्यावर नारळ. ब्राह्मी बाजूला, आणि काय करावं न कळून जिनेशही. गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं जोडल्या हातांनी उभी, समोरच्या दारात चंपाक्का, तिच्या सुना. महाराज आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावलेली, नजर जमिनीवर, पुढच्या पावलापुरती. बरगड्या मोजाव्यात अशा. ओठांवर पांढरी साल धरलेली.

पुढं जावेत, असं पद्माक्का मनात म्हणाली. पुढं जावेत, मग ह्या तोंडानं नको बोलायला. नाहीतर पुढं जाऊ नयेत, पुढं गेले तर तिथं पितील. काय मागावं तेच तिला कळेना.

मुनी निघताना मनात एक खूण धरतात, ती जुळली तरच थांबतात. कलशावरचा नारळ असंल, नाहीतर दारातलं आणखी काही. महाराज तिच्या दारासमोर थांबले.

आता तिनं म्हणायचं असतं. जन्मभर म्हटलेलं. नमोऽस्तु, थांबावं स्वामी, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. एवढं ऐकलं की मुनी उंबरा ओलांडतात.

"नमोऽस्तु, नमोऽस्तु," पद्माक्का म्हणाली. "मनशुद्धी... वचनशुद्धी..." कलशावरचा नारळ थडथडायला लागला. "कायशुद्धी..."

आणि तिथं ती थांबली. जिनेशनं हळूच तिचा पदर ओढला. गल्ली वाट बघत होती. महाराजही वाट बघत होते, खाली बघत.

"पाणी शुद्ध न्हाई, महाराज." आधी ते तिलाच ऐकू आलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "पाणी शुद्ध न्हाई! कुणाच्याच दारात शुद्ध न्हाई. समद्यांनी माझ्या हिरीचं न्हेलंय आणि माझ्या हिरीत डिझेल उतरलंय. पोरानं न्हाई, म्या ठेवाय लावलं. भ्याले हुते, मिळायचं न्हाई म्हणून. चौका बाटू नये म्हणून हिरीवर ठेवलं."

कुणी तरी "अगं आई गं" म्हणालं. महाराजांनी नजर वर केली नाही. मग खांद्यावरचा हात खाली घेतला, म्हणजे आज आता आहार नाही, वळले आणि आल्या वाटेनं बस्तीकडं चालू लागले. पाऊल किंचित अडखळलं. पद्माक्कानं ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मग गल्ली फुटली.

"एवढी शिस्त आमाला लावती, गाळणं आसं धर नि तसं धर!" चंपाक्काची थोरली सून.

"वास येत हुता गं," चंपाक्का कपाळाला हात लावून म्हणाली. "कालपासनं येत हुता. मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालंय."

"आवं, समद्यांच्याच नाकात आला असंल," कुणी तरी मागनं म्हणालं. "पद्माक्काच्या हिरीला वास येतोय म्हणायला तोंड कुणाला हुतं?"

तो दिवस पद्माक्कानं बस्तीच्या पायरीवर काढला. आत जायची हिंमत नव्हती, घरी जायची त्याहून नव्हती. दुपारी फरशी अशी तापली की पायरीवर बसवेना. आत खांबाला टेकून महाराज बसलेले, डोळे मिटून. पद्माक्का त्यांच्या पोटाकडं बघत होती. श्वास आत गेला की तीही घ्यायची. जरा लांबला की तिचा थांबायचा. एकदा मान खाली गेली, खालीच राहिली, आणि पद्माक्काच्या तोंडनं आवाज निघाला. पण मान परत वर आली. गावातल्या डॉक्टरला माणसं घेऊन आली होती, तो लांब उभा राहून बघत होता. दुसरं तो तरी काय करणार? मुनींना ना सलाइन ना थेंब.

तिच्या मनात काय काय आलं. ह्या माणसानं जन्मात गाडीला पाय लावला नाही. डिझेलनं जगात कुठं काय बिघडलं असंल, तर त्यात ह्यांचा टिपूसभर वाटा नाही. आणि जळतंय ते ह्यांचं पोट. आपण बस्तीला स्कूटरनं येतो.

दिवस कलताना सयाजी सुभेदार आले. मिलिटरीतनं आलेला मराठ्याचा गडी, मिशा पिळलेल्या, महाराजांना लांबनं सलाम ठोकून पायरीवर बसला.

"आक्का, रडून काय व्हायचं न्हाई. उद्या माझ्या हिरीचं पाणी घ्या. मोटार न्हाई, इंजिन न्हाई. दोन एकरांत पेरू, मीच पोहऱ्यानं घालतोय. डॉक्टर म्हणला, व्यायाम करा. मी म्हणलं, हिरीपरीस मोठी जिम कुठं हाय?"

पद्माक्काला हसू आलं नाही, पण तिनं मान डोलावली.

संध्याकाळी महाराजांचा आवाज निघाला. आवाज कसला, कोरडा पालापाचोळा. सगळे पुढं सरकले. त्यांनी पायरीकडं बघितलं.

"बाई, विहिरीतल्या जिवांचं काय झालं?"

दोन दिवसांच्या तहानेल्या माणसाला विचारायला हेच सुचावं? तिला वाटलं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही, तिचे दात वाजत होते, चैत्रात.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती घागर घेऊन निघाली. जिनेश स्कूटर काढून उभा होता.

"बस आई, सोडतो. गावाच्या पार त्या टोकाला हाय."

"गाडीवरचं पाणी चौक्याला चालत न्हाई."

"जाताना तर बस."

तिनं स्कूटरकडं बघितलं आणि पुढं चालू लागली, अनवाणी. ब्राह्मी दुसरी घागर घेऊन मागनं. अर्ध्या वाटेत पद्माक्काच्या पिंढऱ्या वळल्या. इतक्या वर्षांत हा रस्ता तिनं चाकावरनंच बघितला होता. चढ किती आहे तेही माहीत नव्हतं.

सयाजीच्या विहिरीवर तिनं पोहरा ओढला, गाळणं अंथरलं. मग फडकं उजेडात धरलं. फडक्यात एक पांढरी अळी वळवळली. पद्माक्का तिच्याकडं बघत राहिली. मग ब्राह्मीला म्हणाली, "वास घे." ब्राह्मीनं घेतला. "न्हाई आत्या, नुसतं पाणी." "परत घे." ब्राह्मीनं परत घेतला. पद्माक्कानं तिला परत परत घ्यायला लावला. मग जिवाणी त्याच विहिरीत सोडली.

परत येताना ऊन चढलं होतं. गावात रस्त्याचं डांबर नुकतंच टाकलेलं, पायाला चिकटत होतं. घागर हिंदकळू नये म्हणून तिनं पाय उचलून बघितला नाही.

महाराज आले. ती दारात उभी राहिली आणि सगळं म्हणाली, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि तो शब्द म्हणताना तिला कालच्यापेक्षा जास्त भ्या वाटलं. त्यांनी उंबरा ओलांडला. ओंजळ पुढं झाली. पद्माक्कानं धार सोडली. पाणी तळहातांत साठलं, आणि तिनं डोळे ताणून बघितलं, रंग आहेत का. नव्हते. महाराजांनी ओंजळ तोंडाला नेली. घशाची गाठ वर गेली, खाली आली. परत ओंजळ पुढं झाली. ती ओतत राहिली, आणि गल्लीत कुणी तरी पहिल्यांदा खोकलं.

आहार झाला. लोक म्हणाले, झालं, सुटलात आक्का. पद्माक्काला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. दुपारी घरी तेच पाणी परत गाळलं होतं त्याची जिवाणी उरली होती. ती सयाजीच्या विहिरीत न्यायची होती. भर उन्हात ती परत निघाली. सयाजी पेरूच्या सावलीत होते.

"आक्का, एवढं चालण्यापरीस तुमच्याच हिरीत सोडा की. तिथं बी परत जीव हुतील."

"आवं नगं!" ती दचकून म्हणाली. "ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात. आणि तिथं काय सोडू, मराय?"

तिची विहीर तशीच होती. उपसायची म्हटलं तर उपसलेलं पाणी टाकायचं कुठं? जिनेश म्हणाला ओढ्यात. पद्माक्का म्हणाली, ओढा जातो कृष्णेला. मग रानात. रानातनं परत मुरून विहिरीत. ती तोंड झाकून ठेवलेल्या विहिरीपाशी जायची आणि पत्रा जरा सरकवून आत बघायची. रंग असायचे. एकदा तिला वाटलं, बेडूक हललं. बराच वेळ थांबली, तर ती पत्र्याचीच सावली होती. बॅरलमध्ये राहिलेलं डिझेल जिनेशनं ट्रॅक्टरात ओतलं आणि ट्रॅक्टर रानात गेला. फडात राहिलेला शेवटचा ऊस तर न्यायचाच होता. पण ट्रॅक्टर सुरू झाला तो आवाज ऐकताना तिनं दार घट्ट लावून घेतलं.

सयाजीच्या विहिरीवरनं परतल्यावर ती सोप्यात पाय पसरून बसली. दोन्ही तळव्यांना डांबराचे काळे थर बसले होते. ब्राह्मीनं एका चिंधीवर काही तरी ओतून आणलं आणि सासूचा पाय मांडीवर घेतला.

"काय हाय ते?"

"डिझेल हाय, आत्या. डांबर डिझेलनंच निघतं. गुंडा दिऊन गेलाय थोडं."

पद्माक्कानं पाय असा ओढून घेतला की चिंधी लांब उडाली.

"मग कशानं काढू, आत्या? उद्या सोवळ्यात आसंच जाणार व्हय?"

पद्माक्कानं शेंगतेलाची वाटी मागितली. तेल चोळलं, राख चोळली, विटकरीचा तुकडा घासला. थोडं निघालं, थोडं भेगांत राहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती घागर घेऊन उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा ब्राह्मीनं दिवा वर धरून बघितलं. धुतलेल्या फरशीवर चौक्यापासनं दारापर्यंत सासूच्या टाचांचे फिकट काळे ठसे उमटले होते. आणि जिनेशची स्कूटर, दाराशी लावलेली, तशीच उभी होती.